जंतू सगळीकडे आहेत, मग आपण जिवंत कसे?

गोव्यातल्या साखळीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी दुसरीत शिकते. शाळेत जंतू आणि स्वच्छता यांवरचा पाठ झाल्यापासून ती दिवसभर पुन्हा पुन्हा हात धुते, आजीने हाताने कालवलेला भात खात नाही, पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दारात दिलेल्या पावाला शिवत नाही, आणि आईला विचारते, "जंतू सगळीकडे असतात ना, मग आपण सगळे अजून जिवंत कसे?" जंतू म्हणजे काय आणि माणसे त्यांच्यापासून स्वतःला कशी जपतात, हे तिला न घाबरवता कसे समजावावे, असे त्या आईंनी विचारले आहे.

मी फोंड्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि आसपासच्या प्राथमिक शाळांतून याच विषयावर बोलायला जाते. माझ्या मते मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. तिला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत, जंतू सर्वत्र आहेत आणि जंतूंमुळे आजार होतो. या दोन्ही गोष्टी जोडून तिने जो निष्कर्ष काढला तो तर्काला धरूनच आहे. तिला न सांगितलेली गोष्ट ही की, जंतू असणे आणि आजार होणे यांच्यामध्ये बरेच काही घडावे लागते. तो जंतू आजार करणाऱ्या मोजक्या जातींपैकी असावा लागतो, त्याला शरीरात शिरायला त्याची ठरलेली वाट मिळावी लागते, तो पुरेशा संख्येने आत जावा लागतो, आणि शरीराने त्याला तिथेच रोखलेले नसावे लागते. हे सगळे जुळले तरच आजार होतो, आणि माणसाने स्वतःला जपणे म्हणजे यांपैकी एखादी कडी तोडणे.

हे किती खोलात सांगावे, ते मुलाच्या वयावर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. चार वर्षांच्या मुलाला कारणे सांगून फारसा उपयोग होत नाही, त्याला जेवणापूर्वी आणि शौचानंतर हात धुण्याची सवय पुरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र कारण हवे असते आणि ते दिले नाही तर ते स्वतःच एखादे तयार करते. घरात तान्हे बाळ असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा कुणी अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे घेत असेल, तर नियम अधिक कडक ठेवावे लागतात, आणि "हे आपल्या घरी सध्या असे का" हेही मुलांना सांगावे. पुढचे सगळे मी सर्वसाधारण निरोगी घर गृहीत धरून लिहिते आहे.

सुरुवात आकारापासून करावी, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची भीती आकार कळला की बरीच कमी होते. पट्टीवरची एक मिलिमीटरची रेघ मुलीला दाखवावी आणि सांगावे की, मध्यम आकाराचे जिवाणू एकाला एक चिकटून ओळीत ठेवले तर एवढ्याशा जागेत सुमारे 1000 मावतात. विषाणू त्याहूनही लहान, अनेकदा दहापटीने लहान, आणि ते बहुतेक वेळा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. जिवाणू सर्वप्रथम पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने, स्वतः घासून तयार केलेल्या भिंगातून. 1683 मध्ये त्याने आपल्याच दातांवरचे किटण भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. ही गोष्ट मुलांना फार आवडते, आणि तिच्यातून एक महत्त्वाची बाबही कळते. ते जीव तोंडात असूनही लेव्हेनहूक नव्वदी गाठेपर्यंत जगला. आपल्या अंगावर आणि मुख्यतः आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या जवळपास इतकीच आहे, आणि त्यांतले बहुतेक जिवाणू आपल्याला काही करत नाहीत. काही तर अन्न पचवायला मदत करतात आणि के जीवनसत्त्व तयार करून देतात.

मात्र नुसत्या सांगण्याने सात वर्षांच्या मुलाला हे पटेल अशी अपेक्षा करू नये. त्यासाठी स्वयंपाकघरातला एक प्रयोग मी नेहमी सुचवते, आणि या घरात तो आजींनीच करून दाखवावा असे मला वाटते. दूध उकळून कोमट होऊ द्यावे आणि चार वाट्यांत सारखे ओतावे. पहिल्या वाटीत काहीही घालू नये. दुसरीत चमचाभर विरजण घालून ती ओट्यावर झाकून ठेवावी. तिसरीतही तेवढेच विरजण घालावे, पण ती फ्रिजमध्ये ठेवावी. चौथ्या वाटीतल्या दुधात विरजण मिसळून ते छोट्या पातेल्यात दोन मिनिटे पुन्हा उकळावे, निवू द्यावे आणि वाटीत परत ओतून पहिल्या दोन वाट्यांशेजारी ठेवावे. सकाळी काय दिसेल, याचा अंदाज मुलीने रात्रीच कागदावर लिहून ठेवावा.

सकाळी दही लागलेले असेल ते फक्त दुसऱ्या वाटीत. पहिल्या वाटीत दूधच असेल, कारण दही लावणारे जिवाणू तिच्यात घातलेच नव्हते. जंतू जंतूंपासूनच वाढतात, आपोआप उगवत नाहीत, हे लुई पाश्चरला 1860 च्या सुमारास बाकदार नळीच्या चंबूंतून सिद्ध करावे लागले होते. या वाटीतून मुलीला त्याचा अंदाज येतो. चौथ्या वाटीत कदाचित थोडे फाटल्यासारखे कण दिसतील, पण दही लागलेले नसेल, कारण उकळीने जिवाणू मेले. सर्वांत बोलकी असते ती तिसरी वाटी. तीही दुधाचीच राहिलेली असते, पण फ्रिजबाहेर काढून ओट्यावर ठेवली की संध्याकाळपर्यंत, पावसाळी गारव्यात दुसऱ्या सकाळपर्यंत, तिच्यातही दही लागते. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते, हे मोठ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते, आणि मग चार वेळा बाहेर काढून परत आत ठेवलेली मासळीची आमटी "फ्रिजमधलीच तर आहे" म्हणून खाल्ली जाते.

याच वेळी संख्येचा हिशेबही करून घ्यावा. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे तासाभरात 8, दोन तासांत 64, चार तासांत 4096 आणि रात्रभराच्या आठ तासांत 1 कोटी 67 लाखांहून अधिक. दुसरीतल्या मुलीला शेवटचा आकडा वाचता आला नाही तरी दुपटीची मजा कळते. शिळ्या अन्नाबद्दल मोठी माणसे एवढी काटेकोर का असतात, हे इथे आपसूक स्पष्ट होते. भाताच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. भातात आढळणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळीलाही तग धरतात, आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की वाढलेले जिवाणू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून सकाळच्या पेजेसाठी ठेवायचा भात वाफ गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये जायला हवा.

दही लागलेले पाहिल्यावर मुलीला सांगावे की आपल्याकडची सान्ना (इडलीसारखा तांदळाचा पदार्थ) आणि पाव फुगवण्यासाठी पूर्वी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत, ती तिच्यातल्या किण्वासाठी, म्हणजे एका जातीच्या सूक्ष्म बुरशीसाठी. त्यामुळे "सगळे जंतू वाईट" हे वाक्य तिच्या मनातून निघून जाते. त्याच बोलण्यात पोदेराच्या पावाचाही प्रश्न सुटतो. भट्टीतून निघालेल्या पावात किण्व जिवंत राहिलेले नसते, पावाचा वरचा भाग कोरडा असतो, आणि कोरड्या पृष्ठभागावर जिवाणूंची वाढ होत नाही. पोदेराच्या हाताला लागलेले थोडेफार पावाला लागते हे खरे, पण निरोगी मुलाच्या पोटातले आम्ल तेवढ्याचा बंदोबस्त करायला सहसा पुरेसे असते. संख्येचा मुद्दा मी वर काढला तो यासाठीच. कॉलरा व्हायला निरोगी माणसाच्या पोटात साधारणपणे लाखोंच्या घरात जंतू जावे लागतात. याउलट रक्ती आव करणाऱ्या शिगेला जिवाणूंचे शंभरही पुरतात, म्हणून शौचानंतर हात धुण्याच्या बाबतीत सवलत देता येत नाही.

येथवर आलेले एकदा उजळून घेते. जंतू बहुतेक निरुपद्रवी आहेत, ते जंतूंपासूनच वाढतात, त्यांना ऊब, ओल आणि वेळ लागतो, आणि आजार होण्यासाठी योग्य वाट व पुरेशी संख्या लागते. आता त्या वाटेविषयी, कारण माझ्या अनुभवात मुलांची भीती सर्वांत जास्त निवळते ती इथेच. "जंतू सगळीकडे" म्हटले की मूल कशाकशापासून जपणार? पण "या आजाराची वाट ही, आणि ती अशी बंद करायची" असे सांगितले की त्याला करण्याजोगे काम मिळते.

तुमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातले उदाहरण घ्यावे. तिथे 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. हा आजार पहिल्यांदा 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्याचा काळ साधारण काजूच्या हंगामाशी जुळतो, कारण त्याच दिवसांत माणसे काजूच्या बागांत आणि रानात जास्त वावरतात. या आजारासाठी शंभर वेळा हात धुऊन काही उपयोग नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, घरी आल्यावर अंग तपासून आंघोळ करणे आणि मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवणे, हे त्याचे उपाय.

डेंग्यूची वाट पूर्ण वेगळी आहे. त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. करवंटी, जुना टायर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कुळागरात गळून पडलेल्या पोफळीच्या झावळीचा खोलगट बुंधा, अशा जागा त्याला पुरतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतून टाकायचे. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे कडा घासायलाही हव्यात. हे काम मुलीकडे सोपवून पाहा. घराभोवती फिरून पाणी साठलेल्या जागा शोधणे मुलांना आवडते आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा खालच्या उंचीवरच्या गोष्टी अचूक टिपते. पाणी मात्र मोठ्यांनी ओतावे.

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून आत शिरतो, म्हणून पावसाळ्यात गटाराच्या किंवा शेतातल्या पाण्यात अनवाणी जायचे नाही. गोवर हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू सुमारे दोन तास हवेत राहू शकतो, तिथे लस हाच खरा उपाय. क्षयरोगही हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. घरात किंवा शेजारी कुणाला क्षय असेल तर मुलांना हे मुद्दाम सांगावे, नाहीतर ती त्या माणसाच्या भांड्यांना घाबरतात आणि तो माणूस एकटा पडतो.

मूल थोडे मोठे असेल तर जुन्या गोव्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकेकाळी एवढे गजबजलेले शहर साथींनी पोखरले गेले, लोक सोडून गेले आणि शेवटी 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्या शहरात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, वर्णन बारकाईने केले आहे. लक्षणे त्याला माहीत होती, वाट माहीत नव्हती. ती सापडायला जवळजवळ तीन शतके लागली. 1854 मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी एका हातपंपाभोवतीच रुग्ण दाटलेले आहेत हे नकाशावर दाखवले, आणि 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यात रुग्णांच्या आतड्यांत आणि तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू मिळाला. वाट कळल्यावर पाणी शुद्ध करणे आणि सांडपाणी विहिरीपासून दूर ठेवणे हे कामाला लागले.

आता हात धुण्याविषयी. पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचे बोट बुडवायचे आणि मिरपूड लांब पळाली की "पाहा, जंतू साबणाला घाबरतात" म्हणायचे, हा प्रयोग सर्वत्र दाखवला जातो. मला तो पसंत नाही. मिरपूड सरकते ती साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो म्हणून, आणि जंतू कशाला घाबरत नाहीत. शिवाय बोटाचे टोक साबणात बुडवले की काम झाले, अशी मुलाची समजूत होते. त्याऐवजी हळद वापरावी. चमचाभर खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवून मुलीच्या दोन्ही हातांना सगळीकडे चोळावी. आधी नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगावे. पिवळे जवळजवळ तसेच राहील. मग अंगाच्या साबणाची वडी द्यावी. साबण जिथे पोहोचतो तिथली हळद तांबूस होऊ लागते, कारण वडीचा साबण अल्कधर्मी असतो, आणि जिथे तो पोहोचतच नाही तिथे पिवळे राहते. हे पिवळे बहुतेक मुलांच्या अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना आणि हाताच्या मागच्या बाजूला असते. बाटलीतल्या पातळ हँडवॉशने हा रंगबदल बहुधा दिसत नाही, आणि कपड्यांना डाग पडतात, म्हणून जुना फ्रॉक घालावा.

साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते. करोनासारख्या काही विषाणूंभोवती चरबीचे आवरण असते, ते साबणाने फाटते. बाकीचे जंतू तेला-मळाबरोबर सुटून पाण्यासोबत वाहून जातात. हे व्हायला निदान 20 सेकंद चोळावे लागते. सॅनिटायझर प्रवासात बरा, पण मळक्या हातांवर तो नीट चालत नाही, आणि जुलाब-उलट्या करणाऱ्या काही विषाणूंवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. हात कधी धुवायचे हे आकड्यात न सांगता प्रसंगात सांगावे, म्हणजे शौचानंतर, जेवणापूर्वी, बाहेरून आल्यावर, कुत्र्या-मांजराशी खेळल्यावर आणि कच्ची मासळी हाताळल्यावर. या प्रसंगांव्यतिरिक्त हात धुण्याची गरज नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे, कारण तुमच्या मुलीला नेमके हेच कुणी सांगितलेले नाही. सतत धुतल्याने त्वचा कोरडी होऊन तडकते, आणि धड त्वचा हीच शरीराची पहिली भिंत आहे.

शरीराच्या आतल्या बंदोबस्ताविषयी बोलताना सैनिक, शत्रू, युद्ध ही भाषा मी टाळते. आधीच घाबरलेल्या मुलाला आपल्या पोटात युद्ध चालले आहे हे ऐकून बरे वाटत नाही. नाकातला शेंबूड धूळ आणि जंतू धरून ठेवतो, पोटातले आम्ल त्यांना मारते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उरलेल्यांना गिळतात, आणि ताप हा बऱ्याचदा शरीराने स्वतःच वाढवलेला असतो, एवढे पुरे. लसीसाठी मात्र मला गावच्या जत्रेतल्या नाटकाची उपमा सोपी वाटते. प्रयोगाच्या रात्री पहिल्यांदाच संहिता हातात आली तर कोण उभा राहील? लस ही शरीराची तालीम असते. आजार न करणारा जंतू किंवा त्याचा एखादा भाग दाखवून ती शरीराकडून पाठांतर करून घेते. त्या पाठांतराच्या बळावर देवी हा रोग 1980 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

आजींच्या हाताच्या भाताबद्दल मुलीशी वेगळे बोलावे. तिच्या नियमाप्रमाणे आजींनी जेवणापूर्वी साबणाने हात धुतले आहेत की नाही एवढेच तिने पाहायचे, आणि पाहिजे तर हळदीची परीक्षा आजींचीही घ्यायची. मी हे सुचवते तेव्हा आज्या सहसा हसून तयार होतात. हात धुतलेले असतील तर भात खायचा. इथे आईने "बरं, तुला वेगळा वाढते" म्हणून माघार घेऊ नये, कारण मग भीती खरी होती असे मुलीला वाटते. तिची थट्टा किंवा तिच्यावर जबरदस्तीही करू नये.

बहुतेक मुलांत ही भीती समजावल्यावर काही आठवड्यांत ओसरते. तसे झाले नाही, हात धुण्यात शाळेची किंवा खेळाची वेळ जाऊ लागली, हात लाल होऊन भेगाळले, "नीट धुतले ना?" असे ती पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेऊ लागली, किंवा जेवण इतके कमी झाले की वजन घटले, तर हा जंतूंविषयीच्या माहितीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी तुमच्या बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन लहान मुलांच्या मानसोपचाराची चिठ्ठी घ्यावी. हा त्रास लवकर हाती घेतला तर बोलण्याच्या उपचारानेच पुष्कळदा आटोक्यात येतो. तोपर्यंत वर्गशिक्षिकेला भेटून घरी काय घडते आहे ते सांगावे आणि दह्याच्या चार वाट्यांचा प्रयोग वर्गातही घेता येईल का, ते विचारावे. त्या पाठाने घाबरलेले मूल वर्गात एकच असेल असे मला वाटत नाही.